गाणं झोपवणारा भीमण्णा

जाझ हिंदुस्थानात आला तो मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत, असं शिकलेले लोक लिहितात. आला असेल. मी तिथं नव्हतो. पण सोलापुरात तो आमच्या वस्तीत, भीमण्णाच्या पत्र्याच्या खोलीत आला, आणि आला तेव्हा मी त्या दारात उभा होतो. गिरणीतनं नुकताच सुटलेला, केसांत कापूस तसाच. सत्तावीस साल. तेव्हा या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये.

भीमण्णा होलार समाजाचा. आमच्याकडं होलारांचं काम पिढ्यान्‌पिढ्या वाजवायचं. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, पुढं होलार आणि मागं गाव. त्याचा बाप सनई फुंकायचा. भीमण्णानं सनई सोडून क्लारनेट धरलं आणि तो बाळीवेशीतल्या शरणप्पा मास्तरांच्या बँडात लागला. मास्तर लिंगायत, घरात कानडी, दारात मराठी. बँड त्यांच्या मालकीचा. कुठल्याशा पलटणीचे जुने लाल डगले त्यांनी आणले होते, तेच वाजवणाऱ्यांच्या अंगावर. भीमण्णाच्या डगल्याला छातीवर दोन भोकं होती. तो सगळ्यांना सांगायचा, "हितं गोळी लागली हुती सायबाला. जागा रिकामी झाली म्हून मला घेतलं."

असा माणूस. बारीक, लांब मानेचा, पान खाणारा. हसताना आवाज करायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मला "पुढारी" म्हणायचा, कारण मी तेव्हा युनियनच्या सभांना जायला लागलो होतो. "काय पुढारी, आज कुणाला शिव्या दिल्या?" ही त्याची रामराम करायची पद्धत.

या माणसाची सगळ्या जन्मात एकच इच्छा होती. एकदा खुर्चीत बसून वाजवायचं. चार लोकांसमोर, तोऱ्यात.

आजच्या पोरांना हसू येईल. खुर्ची ती काय! पण तेव्हा बँडवाला उभाच. वरात चालली की चालायचं, थांबली की उभं राहून फुंकायचं, आणि पाहुण्यांच्या पंगती उठल्या की मांडवामागं उकिडवं बसून जेवायचं. भीमण्णाचा बाप मंद्रूपच्या एका लग्नात सकाळपासनं फुंकून दमला आणि पाहुण्यांसाठी टाकलेल्या रिकाम्या बाकड्याच्या कडेला टेकला. नवऱ्या मुलाच्या मामानं सगळ्या मांडवादेखत त्या बाकड्याला लाथ घातली. बाप खाली, सनई खाली, सनईची पत्ती फुटलेली. बाप उठला, दुसरी पत्ती बसवली आणि वाजवायला लागला. त्यानं हे घरी कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं.

मास्तरांच्या बँडातही तोच कायदा. भीमण्णानं एकदा विचारलं, "मास्तर, घरच्या तालमीला तरी बसून वाजवू की."

मास्तर म्हणाले, "बसला की पोट दुमडतंय, वारा अडतोय. बँडवाला हुबाच शोभतो बघ, भीमा."

वारा बिरा काही अडत नव्हता. मास्तरांचा मान अडत होता. मी हे त्यांच्या तोंडावर सांगायला निघालो होतो. भीमण्णानंच माझा सदरा धरला. "तू नगं. तुझ्या तोंडानं माझं क्लारनेट जाईल."

तर जाझचं असं झालं. स्टेशनामागं रेल्वेच्या गोऱ्या आणि अर्ध्या गोऱ्या साहेबांचा एक क्लब होता. साहेब बदलून गेला की बंगल्यापुढं त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा. आम्ही तो तमाशासारखा बघायला जायचो. अशाच एका लिलावात भीमण्णानं फोनो घेतला. चावीचा, पेटीतला, सोबत सहा तबकड्या. त्यासाठी सारजाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पायातले वाळे काढून दिले आणि वर म्हणाली, "आन बाबा, सवत आन. ही तरी माझ्याशी भांडणार न्हाय."

लिलाववाल्यानं पेटी देताना बजावलं होतं, की तबकडी फिरत असताना चावी द्यायची नाही, स्प्रिंग तुटेल. ही गोष्ट ध्यानात ठेवा. भीमण्णानं ती देवाच्या शब्दासारखी धरली.

पहिली तबकडी लावली तेव्हा खोलीत आठ-दहा माणसं. सुई खरखरली, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. एक कॉर्नेट सरळ गोष्ट सांगतंय, एक ट्रम्बोन खालून गुरगुरतंय, क्लारनेट दोघांच्या डोक्यावरनं उड्या मारत चाललंय. कुणी कुणासाठी थांबेना.

"नळावरचं भांडान हाय," सारजाबाई म्हणाली.

भीमण्णानं हात वर केला. "गप. भांडान न्हाय. सगळी एकच गोष्ट सांगत्यात. जत्रंतनं आलेली माणसं कशी सांगत्यात, तशी."

तीन मिनिटांचं गाणं. दोन मिनिटं ते असं उधळत गेलं आणि शेवटाला हळूहळू मंद होत, खाली खाली सरकत, जड झालेल्या पापण्यांसारखं मिटून गेलं. सहाही तबकड्या तशाच. सुरुवात दंगा, शेवट झोप.

भीमण्णा खुळा झाला. "आपण गानं तोडतो रं," तो मला म्हणाला. "धाडकन. ही मानसं तोडत न्हाईत. गानं झोपवत्यात."

आणि हा माणूस ते झोपवणं शिकला. ओठ सैल सोडायचे, बोटं भोकांवरनं उचलायची नाहीत, सरकवायची, श्वास एक एक धागा करून सोडायचा. सनईवाल्याच्या पोराला सूर घसरवणं नवं नव्हतं, पण सगळी चालच कलत कलत निजवायची, हे अवघड. त्यानं त्याला वर्ष घातलं. मी साच्यावरनं, म्हणजे गिरणीच्या मागावरनं, यायचो, तो दारात उभा राहून फुंकत असायचा, आणि शेवटाला शेजारचं रडतं लेकरूसुद्धा गप व्हायचं. खोटं सांगत नाही.

नव्या तबकड्या मिळायच्या क्लबातल्या माळ्याकडनं. त्याचं नाव बिरप्पा. साहेब लोक घासलेल्या तबकड्या टाकून द्यायचे आणि बिरप्पा त्या कोबीच्या पानात गुंडाळून आणायचा. त्यामुळं साहेबांचा जाझ जसा बदलत गेला तसा, वर्षा-दोन वर्षांच्या उशिरानं, आमच्या खोलीतलाही बदलला.

तीस सालच्या सुमाराला जे आलं ते वेगळं होतं. ते सगळ्यांनी एकदम बोलणं कमी झालं. एकजण पुढं यायचा, बाकीचे मागं सरून त्याला जागा द्यायचे आणि तो मनातलं सगळं ओतायचा. "आता एकट्याला बोलू देत्यात," भीमण्णा म्हणाला, "भजनात बुवाला देत्यात तसं." त्याच साली शहरात मार्शल लॉ लागला, मिरवणुका बंद, बँड बंद. रस्त्यावर चार माणसं उभी राहायची चोरी. भीमण्णानं ते दिवस खोलीत फोनोपुढं काढले. मी लपत छपत जायचो. आम्ही दोघं दार लावून ऐकायचो आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सारजाबाई पेटीवर गोधडी टाकायची. गोधडीखालनं येणारा तो एकटा कॉर्नेटवाला मला अजून ऐकू येतो.

पुढं चौतीस-पस्तीसला पुन्हा पालटलं. आता बारा-बारा, चौदा-चौदा माणसं. क्लारनेटं एका रांगेत, कर्णे एका रांगेत, ही रांग विचारते, ती उत्तर देते. मला ते फार आवडलं. मी म्हणालो, "भीमण्णा, हे आमचं गिरणीतलं खातं आहे. एका शाफ्टावर शंभर साचे."

"म्हून तर जरा भ्या वाटतंय," तो म्हणाला. "सगळं लिवून दिल्यागत हाय. पर गंमत बघ पुढारी. पहिल्या तबकडीतला ताल धर. एक, दोन. एक, दोन. ह्यो चालायचा ताल. डावा पाय, उजवा पाय. आपल्या वरातीचा. आता हे बघ." त्यानं मांडीवर बोटं वाजवली. "एक दोन तीन चार. चारी सारखे. ह्ये चालून वाजतच न्हाय. ह्ये वाजवनारे बसल्यात."

आठ वर्षं मी तेच ऐकत होतो. मला फक्त आवाज ऐकू आला होता. याला खुर्च्या ऐकू आल्या.

छत्तीस सालचा जानेवारी. रविवारी दुपारी क्लबात चहा आणि नाच असायचा, त्यासाठी मुंबईहून एक गोव्याचा वाद्यवृंद महिनाभर आला होता. त्याचा प्रमुख मिंगेल मास्तर. त्यांचा क्लारनेटवाला हिवतापानं आडवा झाला. बिरप्पानं संधी साधली, मिंगेलला सांगितलं, की गावात एक माणूस आहे, त्याला तुमचं सगळं येतं. मिंगेल मास्तर स्वतः आमच्या वस्तीत आला. टोपी, पांढरे बूट, बुटांना चिखल. भीमण्णाचं थोडं ऐकलं आणि खाटेवर बसून म्हणाला, "अरे बाबा, हे तू कुठं शिकला?"

"हिच्याकडनं." भीमण्णानं पेटी दाखवली.

मग भीमण्णानं विचारलं, की हे मूळ वाजवणारे कोण? साहेब लोक का?

मिंगेल हसला. "साहेब? काळे लोक, बाबा. तिकडं अमेरिकेत. त्यांचे आजे-पणजे गुलाम होते. कुणी मेला, बँड बोलवा. लगीन, बँड बोलवा. रस्त्यानं चालत वाजवणारे. मग हळूहळू आत आले, हॉलात, बसून वाजवायला."

भीमण्णानं पेटीवरची तबकडी उचलून निरखली. मग म्हणाला, "म्हंजी आपलेच की."

मिंगेलला ते समजलं नाही. मला समजलं.

जाताना भीमण्णानं एवढंच विचारलं, "मास्तर, तितं बसून वाजवायचं न्हवं?"

"उभा कोण वाजवतो? सहा खुर्च्या आहेत. एक तुझी."

त्या रविवारी भीमण्णानं नवं धोतर नेसलं, वर शरणप्पा मास्तरांचा लाल डगला न घालता माझा काळा कोट घातला. मला हॉलात प्रवेश नव्हता. मी बिरप्पाबरोबर बाहेर, खिडकीखालच्या गुलाबांत उभा. भीमण्णा स्टेजवर गेला. खुर्चीला हात लावला. मग बसला, अगदी कडेवर, बाकड्यावर बाप बसला असेल तसा. मिंगेलनं त्याच्या खांद्याला धरून मागं सरकवलं.

तो वाजवायला लागला आणि देवाशप्पथ सांगतो, नाचणारे थांबून बघायला लागले. मिंगेलनं त्याला एकट्याला सोडलं तेव्हा त्यानं त्या चालीत आमची वस्ती आणली, बापाची सनई आणली, नळावरचं भांडण आणलं. बिरप्पा माझा दंड दाबत होता. आणि मग शेवट आला. मिंगेलचा हात खाली आला, पाच वाद्यं एका ठोक्यात तुटली. आणि भीमण्णा एकटा, डोळे मिटून, गाणं झोपवत राहिला. खाली, खाली, मंद.

मग एक गार्डसाहेब उठला, भीमण्णाच्या मागं गेला आणि त्याच्या पाठीत किल्ली असल्यासारखी हवेत चावी फिरवायला लागला. सगळा हॉल फुटला. बायका डोळे पुसत हसत होत्या. इंग्रजीत ओरडत होते, ते मला कळायची गरज पडली नाही, त्या हातवाऱ्यानं कळलं.

स्प्रिंग. फोनोची स्प्रिंग ढिली होती. तिची ताकद दोन मिनिटांची. गाणं झोपत नव्हतं, पेटी मरत होती. नऊ वर्षं.

भीमण्णालाही त्याच क्षणी कळलं असणार. त्याची लांब मान खाली गेली. पण तो उठला नाही. मिंगेलनं वाकून कानात सांगितलं, बहुतेक पुढच्या वेळी हाताकडं बघ म्हणून. त्यानं मान हलवली. तेवढ्यात क्लबाचा सेक्रेटरी स्टेजपाशी आला. मिंगेलशी बोलला, भीमण्णाकडं बोट केलं, मग स्टेजच्या कडेला झाडांच्या कुंड्या होत्या त्यांच्याकडं. मिंगेलनं हात पसरले. मग भीमण्णाला म्हणाला, "बाबा, तिकडं कुंड्यांच्या मागं उभा राहून वाजव. काय फरक पडतो? वाजवणं तेच."

भीमण्णानं क्लारनेटचे तुकडे सुटे केले, एक एक पुसला, पेटीत ठेवला. सावकाश. सगळे बघत होते. मग उठला, खुर्ची नीट जागेवर सरकवली आणि बाहेर आला.

मी खिडकीतनं आत उडी घेणार होतो. त्या गार्डाची मान माझ्या हातात दिसत होती. बिरप्पानं कमरेला मिठी घातली, "माझी नोकरी जाईल रं बाबा," म्हणून रडायला लागला, आणि मी तसाच राहिलो. आजही ते मला खातं.

रस्त्यातच भीमण्णानं कोट काढून माझ्या हातात दिला. घरी आल्यावर फोनोला तबकडी लावली, आणि ती फिरत असताना, पहिल्यांदाच, चावी दिली. स्प्रिंग तुटली नाही. गाणं शेवटपर्यंत त्याच जोरात धावलं आणि खाडकन थांबलं.

सारजाबाई चुलीपासनं म्हणाली, "पहिलंच बरं हुतं. हे कुणी दार आपटल्यागत वाटतंय."

भीमण्णाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

पण त्यानंतर त्यानं तसं वाजवणं सोडलं. फोनो माळ्यावर गेला. वरातीत सरळ वाजवायचा, गाणं तोडायचा, डगल्याच्या भोकांची थट्टाही बंद. शरणप्पा मास्तरांच्या कानावर क्लबाचं गेलं होतं. मला वाटलं, आता टोमणा मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "ते शेवटचं काय करत व्हतास रे? ते का सोडलंस?" भीमण्णा क्लारनेट पुसत राहिला.

अडतीस सालच्या उन्हाळ्यात शरणप्पा मास्तर वारले. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, फुलांच्या विमानात मांडी घालून बसवतात आणि वाजतगाजत नेतात. मास्तर दारात तसे बसले होते, डोक्याला पटका, भिंतीला टेकून, तालमीत बसायचे तसेच. बँड रस्त्यावर उभा. सगळे लाल डगले. मी गर्दीत होतो.

विमान उचलायच्या आधी घरापुढं एक चाल वाजवायची रीत. भीमण्णानं क्लारनेट ओठाला लावलं, तेवढ्यात मास्तरांची बायको शिवम्मा आतनं आली. साठीची बाई, कपाळ भस्मानं माखलेलं. तिच्या हातात मास्तरांची तालमीतली खुर्ची. वेताची, एका बाजूनं सुटलेली. तिनं ती रस्त्यात, विमानाच्या बरोबर समोर ठेवली.

"भीमा, कुंद्रप्पा," ती कानडीत म्हणाली आणि खुर्चीवर थाप मारली. "बस."

भीमण्णा हलेना. मास्तरांचा भाचा गुरुसिद्धप्पा पुढं आला. "मामी, लोक बघायलेत. बँडवाला हाय त्यो."

शिवम्मा त्याच्यावर वळली. "तुझे मामा बसलेत का हुबे हायत?"

"बसलेत."

"मग ह्यो हुबा राहून त्यांच्या डोक्यावरनं कुणाला ऐकवणार? बाजूला हो."

भाचा बाजूला झाला. भीमण्णानं माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली. तो बसला. कडेवर नाही, आत, पाठ टेकून. मास्तर आणि तो समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्यावर.

त्यानं पहिल्या तबकडीतली चाल घेतली. एक, दोन. एक, दोन. चालायचा ताल, पण बसून. बँडातल्या बाकीच्यांना ती माहीत नव्हती, ढोलवाल्यानं हळूच साथ धरली. बाळीवेशीत त्या भर दुपारी, लिंगायताच्या मयतीला, अमेरिकेतल्या काळ्या माणसांची चाल वाजत होती आणि कुणाला ती परकी वाटली नाही. शेवट जवळ आला तशा मी गुरुसिद्धप्पाकडं बघून मुठी आवळल्या.

भीमण्णानं गाणं झोपवलं. ओठ सैल, बोटं सरकती, खाली, खाली, अगदी धाग्याएवढं. कोण हसणार? शिवम्मा डोळे मिटून उभी होती. एवढी माणसं रस्त्यावर, आणि विमानाच्या फुलांवर बसलेली माशी ऐकू यावी असं शांत.

मग कुणीतरी विमानाला खांदा दिला. भीमण्णा उठला, बँडाच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि मिरवणूक चालायला लागली. मी मागं वळून बघितलं. खुर्ची तिथंच रस्त्याच्या मधोमध होती. कुणी ती उचलली नाही, कुणी लाथही घातली नाही. माणसं दोन्ही बाजूंनी तिला वळसा घालून पुढं येत होती.